अ‍ॅडम्स माशीच्या गावी: दुकानातली 'ओरिजिनल' घेऊ नका

अ‍ॅडम्स ही खरी माशी नाही, ट्राउट मासे पकडायला हुकवर पिसं आणि लोकर बांधून केलेली नकली माशी. तिच्या गावी, मेफिल्डला जाताना वाटेवरच्या एका दुकानात 'ओरिजिनल अ‍ॅडम्स' म्हणून सहा माश्या दुप्पट भावाने माझ्या गळ्यात मारल्या. रात्री खोलीवर दिव्याखाली धरल्या तेव्हा कळलं, मूळ अ‍ॅडम्सशी यांचा फारसा संबंध नाही. शेपटीला तपकिरी आणि ग्रिझली (काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या) हॅकलचे, म्हणजे कोंबड्याच्या मानेच्या पिसांचे, तंतू मिसळून लावलेले. लेन हॅलडेने 1922 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या मेफिल्ड गावात ही माशी पहिल्यांदा बांधली, तेव्हा शेपटी गोल्डन फेझंटच्या मानेच्या पिसांची होती: नारिंगी, काळ्या पट्ट्यांची. पंख ग्रिझली कोंबड्याच्या पिसांच्या टोकांचे, पण ते ताठ उभे नव्हते, बाजूंना पसरलेले होते. माझ्या सहाही माश्यांचे पंख ताठ! आज सगळीकडे असेच बांधतात आणि मासे त्यांनाही लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग 'ओरिजिनल' म्हणून जादा पैसे का घ्यायचे?

अंग होतं मस्करॅटच्या राखाडी अंतर्लोकरीचं. मस्करॅट पाण्यातच राहणारा प्राणी, त्याची ही मऊ लोकर पाणी सहजी धरत नाही. वरून तपकिरी आणि ग्रिझली हॅकल एकत्र गुंडाळलं की माशी त्या ताठ तंतूंवर तरंगते. हुबेहूब एकाच किड्यासारखी ती दिसत नाही, बऱ्याच किड्यांसारखी थोडी थोडी दिसते, आणि तीच तिची खुबी.

हॅलडेने पहिली माशी ओहायोतले वकील चार्ल्स अ‍ॅडम्स यांना दिली, संध्याकाळी बोर्डमन नदीवर वापरून बघा म्हणून. त्यांना मासे लागले, नाव त्यांचं पडलं.

मेफिल्डचा तलाव सहज बघून होतो. नदीची गोष्ट वेगळी. मी उतरलो त्या टप्प्यात दोन्ही काठांवर आल्डरची झुडपं पाण्यावर ओणवी झालेली, मागे दोरी फेकायला जागाच नाही. काठाशी गाळ इतका, की पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि तो काढताना मी पुरता दमलो. टेकायला काठी असल्याशिवाय तिथे उतरू नका. माझ्या दोन माश्या फांद्यांतच राहिल्या. लांब फेक विसरा, रोल कास्ट करा, म्हणजे दोरी मागे न नेता पुढेच गुंडाळी करून फेका. मिशिगनचं मासेमारीचं लायसन्स आधीच काढा, एका दिवसाचंही मिळतं.

दुसऱ्या रात्री मी स्वतःच 14 नंबरच्या हुकवर एक बांधली, फेझंटची शेपटी आणि पसरलेले पंख. संध्याकाळी उशिरा, अंधारायच्या जरा आधी, त्याच टप्प्यात तिच्यावर एक ब्रूक ट्राउट लागला. हात थरथरत होते. वीतभराचा असेल, सोडून दिला.