एकशे ब्याण्णवचा थर

सोमवारी विटांची मागणी नोंदवायची होती, म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर मी आठवीच्या पाच मुलांना संगणक कक्षात थांबवून घेतलं. विटा म्हणजे खेळण्यातल्या, लेगोच्या. प्रदर्शनासाठी या मुलांनी गोदाघाट करायला घेतला होता. मागे काळ्या दगडाची भिंत, पुढे पायऱ्या आणि मधोमध दुतोंड्या मारुती. नाशकात पूर मोजतात तो या मारुतीवर. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीशी आलं, असंच घराघरात बोललं जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये तो अख्खा पाण्याखाली गेला होता. निळ्या पारदर्शक पट्ट्या मारुतीभोवती एकावर एक चढवत न्यायच्या आणि बघणाऱ्याला पूर चढताना दाखवायचा, ही कल्पना मुलांचीच.

शाळेकडे कुणीतरी भेट दिलेल्या बादलीभर विटा होत्या. तेवढ्यात घाट काय, मारुतीही झाला नसता. मग ठरलं, की आधी सगळं संगणकावर रचायचं, लागणाऱ्या विटांची यादी काढायची आणि मोजून तेवढ्याच विकत घ्यायच्या. पैसे पालकांनी वर्गणी काढून दिले होते, त्यामुळे एकही वीट फुकट जाऊ द्यायची नव्हती. यासाठी लिओकॅड नावाचा मोफत प्रोग्राम वापरला. आमच्या जुन्या संगणकांवरही तो चालतो.

पाच जणांपैकी एक मुलगा जन्मापासून अंध आहे. त्याचे वडील गवंडी. बाकीची मुलं ‘ब्लॉक’ म्हणायची, हा पहिल्या दिवसापासून ‘वीट’ म्हणायचा, आणि हळूहळू आम्हा सगळ्यांच्याच तोंडी वीट बसली. बादलीतली तीन बाय दोनची एक वीट हाताला लागली तेव्हा तिच्यावरून बोट फिरवून तो म्हणाला होता, “मॅडम, यात सहा टिंबं आहेत. सगळी उठलेली.” ब्रेलच्या एका अक्षराचं घर सहा टिंबांचं असतं. त्या विटा रोज हाताळत असूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पण मुलं संगणकावर माउसने विटा हलवायला लागली आणि तो नुसता बसून राहायला लागला. मी त्याला दुसरं काहीतरी टंकायला द्यायचे. ते मला अजून टोचतं. त्याला हवं होतं ते दुसरं काहीतरी नव्हतं, त्याला घाट बांधायचा होता.

वाट सापडली ती अचानक. एका मुलाची फाइल प्रोग्राममध्ये उघडेना, म्हणून मी ती नोटपॅडमध्ये उघडली. आत चित्र नव्हतं, साधा मजकूर होता. एका विटेला एक ओळ. ओळीत आधी १, म्हणजे ‘इथे एक भाग ठेव’. मग रंगाचा क्रमांक: काळा ०, लाल ४, करडा ७१. मग जागेचे तीन आकडे (डावी-उजवी, उंची, पुढे-मागे), मग वीट कशी वळवली आहे ते सांगणारे नऊ आकडे आणि शेवटी विटेचा क्रमांक. चार बाय दोनची नेहमीची वीट म्हणजे ३००१, तिची अर्धी, दोन बाय दोनची, ३००३. १९९५ मध्ये जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियन माणसाने एलड्रॉ नावाची ही पद्धत तयार केली. १९९७ मध्ये तो गेला, पण भागांचा संग्रह स्वयंसेवकांनी वाढवत नेला आणि लिओकॅडसारखे कितीतरी प्रोग्राम आजही त्याच ओळी वाचतात.

आणि ओळी वाचून दाखवणारं साधन त्या मुलाच्या संगणकावर आधीपासून होतं. एनव्हीडीए, तेही मोफत, आणि त्याची सुरुवातही ऑस्ट्रेलियातलीच. मायकेल करन या स्वतः अंध असलेल्या माणसाने २००६ मध्ये ते लिहायला घेतलं. ही दोन माणसं माझ्या संगणक कक्षात एका बाकावर येऊन बसली, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

मापं त्याने दोन दिवसांत पाठ केली. एलड्रॉचं एक माप म्हणजे ०.४ मिलिमीटर. दोन टिंबांमधलं अंतर २०, विटेची उंची २४, पातळ पट्टीची ८. चार बाय दोनची वीट ८० लांब, ४० रुंद. हातात खरी वीट, कानात आकडे. चिन्हं सगळी वाचायला लावून ठेवली, म्हणजे उणे गिळलं जायला नको.

एका गोष्टीवर बाकीची मुलं अडखळली. एलड्रॉमध्ये उंचीचा आकडा खाली जाताना वाढतो आणि वर जायचं तर उणे होतो. मुलं म्हणाली, हे उलटं आहे. तो म्हणाला, “उलटं कसं? घाटावर आपण वरून खाली उतरत पायऱ्या मोजतो ना? पहिली, दुसरी, तिसरी, मग पाणी.” तो पंचवटीतला. आजीबरोबर रामकुंडावर जाताना त्याने पायऱ्या कायम तशाच मोजलेल्या. मग शून्य भिंतीच्या माथ्यावर ठेवायचं ठरलं. वरचा थर ०, त्याखालचा २४, त्याखालचा ४८.

भिंत त्याने एकट्याने लिहिली. चौदा थर, सांधेमोड सांभाळून. हा वडिलांचा शब्द. खालच्या दोन विटांच्या सांध्यावर वरच्या विटेचा मध्य यायला हवा, नाहीतर भिंत सांध्यातून सरळ चिरते. म्हणून एका थरात अकरा अख्ख्या विटा, ० पासून ८०० पर्यंत. पुढच्या थरात ४० पासून ७६० पर्यंत दहा अख्ख्या आणि दोन टोकांना दोन अर्ध्या, उणे २० वर आणि ८२० वर. मी पडद्यावर उघडून बघितली तेव्हा एकही वीट हललेली नव्हती. त्यानंतर सगळ्यांचं काम एकाच फाइलीत आलं आणि पायऱ्या, मारुती बाकीच्यांनी माउसने रचले.

तर त्या शनिवारी मी यादी वाचायला घेतली. “काळी, ३००१, एकशे अठ्ठावन्न.”

“नाही,” तो म्हणाला.

“पडद्यावर तसंच आहे रे.”

“मॅडम, सात थर अकराचे म्हणजे सत्त्याहत्तर. सात थर दहाचे म्हणजे सत्तर. एकशे सत्तेचाळीस. काळं फक्त भिंतीला आहे. अर्ध्या किती दाखवतंय?”

“चौदा.”

“त्या बरोबर आहेत.”

मी भिंत चहूबाजूंनी फिरवून पाहिली. आतून, खालून, अगदी जवळ नेऊन. बाकी चौघं पडद्याला नाक लावून बसली. भिंत निर्दोष दिसत होती. एक मुलगा म्हणाला, प्रोग्रामच चुकला असेल. मलाही क्षणभर तसंच वाटलं आणि घड्याळ बघून मी म्हणाले, जाऊ दे, अकरा जास्त आल्या तर आल्या.

त्याने ऐकलं नाही. “अकरा जास्त आणि अर्ध्या बरोबर. म्हणजे अर्ध्या नसलेला एक पूर्ण थर दोनदा आलाय. तेवढेच सात थर ऐकायचेत. शून्य, अठ्ठेचाळीस, शहाण्णव, असे.” आणि त्याने कानाला हेडफोन लावला.

तो ज्या वेगाने ऐकतो तो वेग मला झेपत नाही, मला नुसती भिरभिर ऐकू येते. फाइल भिंतीपासून सुरू होऊन पायऱ्या, मारुती, पाणी अशी सहाशेच्या वर ओळींची झाली होती. तो खाली जाण्याची कळ दाबत होता आणि डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा सरकवत होता. कक्षात पंख्याचा तेवढा आवाज. मुलं, जी एरवी पाच मिनिटं गप्प बसत नाहीत, श्वास रोखून त्याच्या अंगठ्याकडे बघत होती. अर्धा तास तरी गेला असेल. फाइल संपत आली तसा त्याचा हात थांबला. एक ओळ वर, पुन्हा खाली.

“एकशे ब्याण्णव. परत आलाय. सगळ्या अकरा.”

एका विटेच्या जागी तंतोतंत दुसरी वीट. लिओकॅड ते अडवत नाही. दोन्हींचा रंग एक, जागा एक, मग डोळ्याला एकच दिसणार. पडदा कितीही फिरवला असता तरी ती आम्हाला दिसली नसती.

मी त्या ओळी पुसायला निघाले तर म्हणाला, “थांबा मॅडम. करड्या विटा वाचा ना.” पायऱ्या करणाऱ्या मुलीच्या वहीत करड्या चार बाय दोनच्या ६६ विटा लिहिलेल्या होत्या. यादीत होत्या ५५.

काळ्या अकरा जास्त, करड्या अकरा कमी. सगळे गप्प. मग ती मुलगी अगदी बारीक आवाजात म्हणाली, “काल मी भिंतीतला एक थर कॉपी केला होता. पायऱ्यांच्या आत आधाराला घालायचा होता. तेवढ्यात घंटा झाली.”

आम्ही पुढची पायरी लपवून आत पाहिलं. खालून तिसरी पायरी हवेत होती. समोरून बघणाऱ्याला ती पक्की दिसत होती, कारण तिच्या पुढची पायरी ती पोकळी झाकत होती. संगणकात वजन नसतं, तिथे ती वर्षभर तशीच तरंगली असती. खऱ्या विटा आल्यावर मात्र मुलांचा हात तिथेच अडला असता, तेही प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी.

मुलीचे डोळे भरले होते. त्याला ते दिसलं नाही, पण आवाजावरून कळलं असावं. तो बाकावर तिच्या बाजूला सरकला आणि म्हणाला, “थर तर तयारच आहे. फक्त रंग आणि जागा बदलायची. तू आकडे सांग, मी लिहितो.” तिने पडद्यावर मोजून जागा सांगितली. त्याने अकराही ओळींत रंगाच्या ० च्या जागी ७१ केलं, उंचीचे १९२ आणि पुढे-मागेचं ० पुसून तिने सांगितलेले आकडे घातले आणि शेवटी विचारलं, “आता काळ्या किती?”

“एकशे सत्तेचाळीस,” चौघं एकदम ओरडली.

दोनच्या सुमाराला त्याचे वडील न्यायला आले. कामावरून थेट आलेले, पायावर सिमेंटचे शिंतोडे. दारातच थांबले, आत येईनात. मी म्हटलं, “या ना दादा, मुलाने बांधलेली भिंत बघा.” चप्पल बाहेर काढून ते आत आले आणि हात मागे बांधून पडद्यासमोर उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

“सांधेमोड बरोबर आहे,” ते म्हणाले. मग मुलाला विचारलं, “ओळंब्यात आहे का रे?”

“हो पप्पा. जागेचा तिसरा आकडा सगळ्या थरांत शून्यच आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना एक ओळ दाखवून तिसरा आकडा म्हणजे काय ते सांगितलं, भिंत पुढे झुकली किंवा मागे कलली तर तो कसा बदलेल तेही सांगितलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्याला लावला आणि बोट पडद्याला न टेकवता, एकेका ओळीवरून वरून खाली, चौदाही थरांचा तिसरा आकडा तपासला.