टाच उचलली की चेंडू पुढे

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या कॉलेजात मी लॅक्रोसचा, म्हणजे जाळीच्या काठ्यांनी चेंडू झेलत-फेकत गोल करायच्या खेळाचा, असिस्टंट कोच आहे. बचाव आणि फेस-ऑफ माझ्याकडे. डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे अमेरिकी कॉलेज-खेळांच्या तिसऱ्या गटात, खेळाडूंना खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, असिस्टंटचा पगारही बेताचाच. तरी हे काम मी जीव लावून करतो. का, ते एप्रिलमधल्या त्या सामन्यावरून कळेल.

लॅक्रोसमध्ये गोल झाला की चेंडू पुन्हा मैदानाच्या मध्यावर येतो. दोघे समोरासमोर ओणवे होतात, शिट्टी वाजते आणि जाळीच्या काठ्यांनी चेंडू दाबून ओढायची झटापट सुरू होते. हा फेस-ऑफ. तो हरत गेलात तर समोरचे गोल करतात, चेंडू परत त्यांनाच मिळतो, ते परत गोल करतात आणि तुमचे आक्रमक नुसते उभे. आमचं तेच चाललं होतं. मध्यंतराला ७-२ ने मागे. त्यांच्या फेस-ऑफवाल्याचे हात विजेसारखे चालत होते. आमचा, दुसऱ्या वर्षाचा मुलगा, बाकावर खाली मान घालून बसला होता.

त्या प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ मी आठवडाभर रात्री पाहत होतो. एक शंका होती, पहिल्या हाफमध्ये तिची खात्री पटली. शिट्टीच्या आधी त्याची डावी टाच किंचित सुटली की तो चेंडू पुढे काढायचा. टेकलेली असली की पायांमधून मागे.

हेड कोचना म्हटलं, "लाँग पोल पाठवू या." त्यांनी एवढंच विचारलं, "कोण जाईल?"

लाँग पोल म्हणजे बचावपटूची सहा फुटी काठी. फेस-ऑफला सहसा साडेतीन फुटांच्या आसपासची आखूड काठी असते. शेवटच्या वर्षाच्या, शांत डोक्याच्या डिफेंडरला मी निवडलं. "चेंडूच्या नादी लागू नकोस. तो उठेल तेव्हा त्याला चिकटून राहा, मोकळा सुटू देऊ नकोस." प्रत्येक संघाचे दोघे विंगवर, मध्यापासून वीस यार्डांवर उभे असतात आणि शिट्टीसरशी धावत येतात. त्यातली एक जागा दुसऱ्या वर्षाच्या मुलाला दिली.

"कोच, मला बाहेरच राहू द्या."

"अख्खा हाफ तू त्याच्याशी झुंजलायस. त्याला तुझ्याइतकं कोणी ओळखत नाही. फक्त टाच बघ."

तिसऱ्या क्वार्टरचा पहिलाच फेस-ऑफ. टाच सुटली. विंगवरचा आमचा पोरगा चेंडूकडे धावलाच नाही. चेंडू जिथं येणार होता तिथं धावला. मागचा हात गवताला घासेल इतका वाकून त्यानं तो पळता पळता उचलला आणि थेट पुढे पास दिला. गोल! पुढच्या वेळी टाच टेकलेली, तर हा मागच्या बाजूला हजर.

आम्ही ११-१० ने हरलो. स्कोअरशीटवर फेस-ऑफ जिंकल्याची नोंद ओणव्या झालेल्या खेळाडूच्या नावावर होते, विंगवाल्याला मिळतो नुसता ग्राउंड बॉल, म्हणजे सुटा चेंडू उचलल्याची नोंद. मला ते पटत नाही. त्या हाफमध्ये सामना ओढून आणला तो विंगवरच्या त्या पोरानं.

परतीच्या बसमध्ये तो शेजारी येऊन बसला आणि पुढच्या शनिवारच्या संघाचे व्हिडिओ मागितले. मी लॅपटॉप त्याच्याकडे दिला. कॉलेज येईपर्यंत त्यानं दोन सवयी हेरल्या होत्या. त्यातली एक मलाही दिसली नव्हती.