50 लाख आणि ऑक्टोबरची छाटणी

माझ्या ऑफिसात सरकारी योजनांची चौकशी करायला येणारे बहुतेक लोक ठिबकच्या सबसिडीवर वाढलेले असतात. आधी खर्च करा, बिलं जोडा, मग खात्यात पैसे येतील, हे गणित नाशिक जिल्ह्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्यामुळे बायोटेकवाल्यांचं अनुदान नेमकं उलटं चालतं हे समजावण्यातच पहिला अर्धा तास जातो. इथे पैसे आधी येतात, पण हप्त्याहप्त्याने. तुम्हीच अर्जात लिहून दिलेलं काम झालं का, हे बघूनच पुढचा हप्ता सुटतो. खर्च केलेलं परत मागत नाहीत, उरलेलं मात्र परत जातं. आणि पैसे खात्यात पडून असताना मिळालेलं व्याजही सरकारचंच.

मी सीए आहे. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला ऑफिस. जिवाणूंचं मला फारसं कळत नाही, पण माहेर निफाड तालुक्यातलं, बागेचं, त्यामुळे भुरी आणि डाउनी या द्राक्षावरच्या दोन रोगांतला फरक कळतो. या दोन गोष्टींच्या जोरावर माझ्याकडे अशा दोन-चार कंपन्यांची कामं आली. त्यातून जे दिसलं ते लिहिते आहे, कारण फोनवर तेच तेच सांगून कंटाळा आला.

ज्याच्याबद्दल सगळे विचारतात ती योजना म्हणजे ‘बिग’, बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने 2012 मध्ये बायरॅक नावाची कंपनी काढली, तिची ही योजना. कमाल 50 लाख रुपये, मुदत 18 महिने. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, 1 जानेवारीला आणि 1 जुलैला. एकट्या माणसालाही अर्ज करता येतो, पण पैसे हातात पडण्याआधी कंपनी किंवा एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, लागते. बायरॅक हे काम ठिकठिकाणच्या भागीदार संस्थांमार्फत चालवते. नाशिककरांना त्यातली सोयीची म्हणजे पुण्यात पाषाणला एनसीएलच्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, आवारातलं व्हेंचर सेंटर. कल्पना प्रयोगशाळेत चालते, ती बाहेरही चालेल का हे दाखवण्यापुरते हे पैसे. दुकानात माल ठेवण्यासाठी नाहीत. जमीन, बांधकाम, जाहिरात यातलं काहीही त्यात बसवायला जाऊ नका.

आता मुद्द्याचं. ही 18 महिन्यांची मुदत लॅबवाल्यांच्या हिशेबाने ठरली आहे. जिवाणू दर अर्ध्या तासाला दुप्पट होतो, त्याला 18 महिने म्हणजे उदंड. द्राक्षाची बाग मात्र वर्षातून एकदाच फळ देते. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, जानेवारी ते एप्रिल माल. भुरीवरचं औषध तपासायचं तर फळछाटणीनंतरचेच महिने हाती असतात, नोव्हेंबरपासून माल उतरेपर्यंत.

माझ्या ग्राहकांतली एक मुलगी आहे, एम.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी. भुरीवर फवारायला बॅसिलस जातीचा एक जिवाणू तिने द्राक्षाच्या पानावरूनच वेगळा काढला. सातपूरला भाड्याच्या गाळ्यात लॅब, त्यात एक शेकर, एक लॅमिनार आणि सेकंडहँड ऑटोक्लेव्ह. माल काढणीला आला की बागायतदाराला रासायनिक औषध मारता येत नाही, युरोपला जाणाऱ्या मालात अंश सापडला की कंटेनर अडकतो. 2010 साली सीसीसीच्या, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात माल अडकला, ते आमच्या घरात अजून निघतं. त्या शेवटच्या काही आठवड्यांत चालेल असं जैविक औषध कुणालाही हवंच आहे. म्हणजे बाजाराचा प्रश्न नव्हता.

तिने जुलैत अर्ज केला. कुठल्या योजनेत ते सोडा, वेळापत्रक थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखंच असतं. अर्जाची छाननी, तज्ज्ञांपुढे सादरीकरण, मग निवड समिती, मग आमच्यासारख्यांकडून कंपनीचे कागद, मग करार, मग स्वतंत्र बँक खातं. पहिला हप्ता आला तेव्हा बागेत काढणी चालू होती. तिथून 18 महिने मोजले तर मुदत पुढच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरला संपते. मध्ये फळछाटणी किती? एक. त्या हंगामात पाऊस लांबला, भुरीऐवजी डाउनीच बोकाळली, तर दाखवायला काय राहणार?

सटाण्याकडे अर्ली छाटणी होते, जून-जुलैपासून, तिथे आधी एक प्रयोग उरकू असं तिला कुणीतरी सुचवलं. पण भर पावसात भुरी येत नाही हो. भुरीला कोरडी, ढगाळ, जरा गार हवा लागते. पावसात येते ती डाउनी. तिकडे जाऊन ती डिझेल जाळून आली असती, एवढंच.

हाच अर्ज जानेवारीच्या फेरीत केला तर पैसे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान येतात, आणि मुदतीत दोन फळहंगाम बसतात. पहिल्या हंगामात लॅब पुरती लागलेली नसते, तरी छोटा प्रयोग होतो, कुठे काय फसतं ते कळतं. दुसऱ्यात मोठा. द्राक्षावर काम करणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्यांदा सांगते. शेवग्यावर किंवा टोमॅटोवर काम करणाऱ्याला एवढा फरक पडणार नाही. बायरॅकच्या माहितीपत्रकात असलं काही नसतं, आणि त्यांचाही दोष नाही. लस करणारा, डायलिसिसचं यंत्र करणारा आणि भुरीवाला, सगळ्यांना एकच फॉर्म आहे.

दुसरी गोष्ट कंट्रोलची. हा माझा आवडता विषय, कारण यात पहिल्यांदा मला शास्त्रज्ञांची भाषा व्हाउचरमध्ये बसवावी लागली.

औषध लागू पडलं हे सिद्ध करायचं तर शेजारच्या काही ओळींवर काहीच मारायचं नसतं. तज्ज्ञ समितीत पहिला प्रश्न हाच असतो, कंट्रोल कुठे आहे? दुसरा प्रश्न, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात जैविक नियंत्रणावर काम झालेलंच आहे, तुमचं वेगळं काय? दुसऱ्याचं उत्तर तिने छान दिलं होतं. पहिल्याचं उत्तर कागदावर सोपं होतं. बागेत गेल्यावर मालक काका म्हणाले, ‘‘म्हंजे या चार ओळींत भुरी येऊ द्यायची? मुद्दाम? मंग तो माल कोन घेईल, तुमच्या सीए ताई?’’

काकांचं चुकलं काय? चार ओळींचा माल गेलाच, वर तिथून भुरी बाकीच्या बागेत शिरण्याची भीती. अंदाजपत्रकात यंत्रं, रसायनं, पगार, प्रवास, पेटंट, किरकोळ अशी शीर्षं असतात. ‘मुद्दाम सडवलेली द्राक्षं’ असं शीर्ष नसतं. रोख भरपाई देऊन मोकळं होण्याचा मोह होतो, मग वर्षाअखेरीस माझ्या टेबलावर नुसता बिनपावतीचा खर्च येतो आणि यूसीवर, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच वापरले या प्रमाणपत्रावर, सही मला करायची असते. सरकारी वित्तीय नियमांच्या (जीएफआर) 12-ए नमुन्यातलं ते, त्यावर यूडीआयएन, म्हणजे सीएने सही केलेल्या कागदाचा नोंद क्रमांक, टाकला की तो माझ्या नावावर कायमचा. मी मान डोलावून सही करणाऱ्यातली नाही, असं माझे ग्राहक माझ्याबद्दल फार प्रेमाने न बोलता सांगतात.

तेव्हा आम्ही केलं ते असं. काकांबरोबर स्टॅम्प पेपरवर प्रयोगाच्या प्लॉटचा करार केला. ओळी कुठल्या, किती दिवस, कंट्रोलचा माल गेला तर दर काय धरायचा, फवारणीची मजुरी कुणी द्यायची, सगळं लिहिलं. पैसे चेकने. शेतकऱ्याकडे जीएसटी नंबर नसतो, त्याने काही बिघडत नाही. करार, सही केलेली पावती आणि बँकेतली नोंद एवढं पुरतं. पण ही रक्कम ‘क्षेत्रीय चाचणी’ म्हणून अर्जाच्या अंदाजपत्रकातच असायला हवी. मंजुरीनंतर एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात फिरवायचे तर आधी लेखी परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत बागेत माल उतरलेला असतो.

समजा हे सगळं सुरळीत झालं. कंट्रोलच्या घडांवर राखाडी भुकटी, शेजारच्या ओळीत मणी स्वच्छ, फोटो उत्तम, अहवाल मंजूर. तरी ती एक लिटरची बाटली पिंपळगावच्या दुकानात विकता येत नाही. भुरी मारतो म्हणालात की ते कीटकनाशक कायद्यात, 1968 च्या, आलं. फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे नोंदणी करायची. त्यासाठी विषारीपणाच्या चाचण्या, वेगवेगळ्या ठिकाणच्या परिणामकारकतेच्या चाचण्या, बाटलीत जिवाणू किती दिवस जिवंत राहतो याची माहिती. जिवाणू इथल्या बागेतला आहे, म्हणजे जैवविविधता कायदाही आला, 2002 चा. पेटंट हवं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचं दार ठोठावायचं, आणि जिवाणूचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात जमा करायचा. चंदीगडला एक आहे, पुण्यात एक. यातलं पुण्याचं तेवढं सोपं, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं.

हा खर्च पहिल्या अनुदानात मावत नाही. पुढे बायरॅकचा सीड फंड आहे, 30 लाखांपर्यंत, पण तो इनक्यूबेटरमार्फत, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मदत देणाऱ्या व्हेंचर सेंटरसारख्या संस्थेमार्फत, मिळतो आणि बदल्यात कंपनीत हिस्सा द्यावा लागतो. माझं मत विचाराल तर अडतं इथेच. प्रयोग सिद्ध करायला सरकार पैसे देतं, आणि नोंदणीच्या चाचण्यांना, जिथे पोरांचे हात खरोखर रिकामे असतात, तिथे कुणी गुंतवणूकदार शोधा म्हणतं. गुंतवणूकदार म्हणतो, आधी नोंदणी दाखवा. मग काही जण पळवाट काढतात. भुरीचं नाव लेबलवर घ्यायचं नाही, ‘झाडाची प्रतिकारशक्ती वाढवते’ छापायचं आणि विकायचं. 2021 पासून बायोस्टिम्युलंट, म्हणजे झाडाला जोम देतात म्हणून विकली जाणारी अशी उत्पादनं, हीसुद्धा खत नियंत्रण आदेशात आली, त्यामुळे ती वाटही आता मोकळी नाही. असे खोके माझ्या माहेरच्या पंपघरात अजून पडलेले आहेत. चांगले होते की नाही, देव जाणे.

सातपूरच्या मुलीचं काम एका हंगामावरच निभावलं, कारण त्या वर्षी भुरीने साथ दिली. विषारीपणाच्या चाचण्यांचे पैसे जमवायला तिने लॅबमध्ये दुसऱ्यांच्या मातीचे आणि पाण्याचे नमुने तपासायला सुरुवात केली आहे, त्यावर गाळ्याचं भाडं निघतं आणि थोडं बाजूला पडतं. अनुदानातून घेतलेलं यंत्र अशा कामाला वापरायचं का, हा वेगळा प्रश्न आहे. करारात काय लिहिलंय ते बघूनच मी तिला हो म्हटलं. तुम्ही तुमचा करार बघा, माझं नाव सांगू नका.

आणि जानेवारीच्या फेरीत अर्ज करणार असाल तर यंत्रांची कोटेशनं जीएसटीसकट दसऱ्याच्या आत मागवून ठेवा. दिवाळीत हे डीलर फोन उचलत नाहीत, आणि दिवाळीनंतर भाव बदललेला असतो.