बंबाची वाट

आमच्या सोसायटीत इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेला सगळेच ‘पाहुण्यांचे पार्किंग’ म्हणतात. वास्तविक राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार उंच इमारतीभोवतीची ती ६ मीटरची वाट अग्निशमन दलासाठी मोकळी राहायला हवी. शिडीचे वाहन नुसते आत शिरून भागत नाही; शिडी उभारण्यापूर्वी त्याचे लोखंडी आधार दोन्ही बाजूंना पसरून जमिनीवर टेकवावे लागतात आणि नेमकी तिथेच कोणाची तरी कव्हर घातलेली, हँडब्रेक ओढलेली गाडी उभी असते. रस्त्यावर बंबाला वाट न देणाऱ्या चालकासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १०,००० रुपयांचा दंड आणला. सोसायटीतल्या गाडीमालकाला मात्र वॉचमन इंटरकॉमवरून विनवतो आणि साहेब (हे अनुभवाचे बोल) जेवण उरकून खाली येतात.