बासा म्हणजे कसलं नुस्तं?

गोव्यात राहायचं म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या घराचं लॉज होणार हे धरूनच चालायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माणसं आली की घर भरल्यासारखं वाटतं, पण प्रत्येक पाहुण्याची तिसऱ्या दिवशी एक फर्माईश येतेच. गेल्या फेब्रुवारीत पुण्याचा मामेभाऊ बायकोला घेऊन आला होता. आईने दोन दिवस भाच्याला इसवणाच्या म्हणजे सुरमईच्या तुकड्या, तिसऱ्यांचं सुकं, सुंगटांचं हुमण म्हणजे कोळंबीचं कालवण असं सगळं करून घातलं, दोघं बोटं चाटत जेवले, आणि तिसऱ्या संध्याकाळी हा हळूच मला गॅलरीत घेऊन म्हणतो, दादा, आत्याच्या हाताला तोड नाही पण गोव्याला येऊन पबमध्ये नाही गेलो तर ऑफिसात तोंड काय दाखवू.

म्हणून आम्ही चौघं म्हापशाहून निघालो आणि बागा-हणजूणच्या पट्ट्यातल्या एका पबमध्ये जाऊन बसलो. नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी बाकी काही बदलणार नाही.

आत शिरलो तर अंधार. म्हणजे रोमँटिक वगैरे नाही, लाईट गेल्यावर फ्यूज शोधताना असतो तसला. टेबलावर एक चिकटवलेला क्यूआर कोड, तो स्कॅन करायला मोबाईलचा टॉर्च लागतो आणि टॉर्च लावला की स्कॅन होत नाही, त्यामुळे एकाने उजेड धरायचा आणि दुसऱ्याने फोटो घ्यायचा, असं आम्ही चोरी करायला आल्यासारखं मेन्यूकार्ड उघडलं. गाणी एवढी मोठ्याने की वेटर वाकून कानात विचारतो आणि आपण त्याच्या कानात ओरडतो. तो पोरगा ओडिशाचा होता, बिचारा प्रत्येक पदार्थाचं नाव दोनदा म्हणवून घ्यायचा. मला तर वाटतं हा अंधार आणि हा आवाज स्वयंपाकघराच्याच सांगण्यावरून ठेवलेला असतो. ताटात काय आलंय ते दिसू नये, आणि दिसलंच तर त्यावर बोलता येऊ नये.

आधी नाचोज आले, 425 रुपये. मक्याच्या तिकोनी पापड्या, त्यावर पिवळं चीज ओतलेलं, ते आमच्यापर्यंत येईतो थिजून त्याची साय झालेली. वरच्या पाच पापड्यांना चीज, खालच्या सगळ्या कोरड्या ठणठणीत. मग फ्राईज, त्या एका छोट्याशा पत्र्याच्या बादलीत. देवळात तीर्थाला असते तेवढी बादली. दिसायला गच्च भरलेली, पण चार-चार उचलल्यावर खालून चुरगळलेला कागद वर आला. अर्धी बादली कागदच! आमच्या लहानपणी फटाक्याच्या डब्यात असं असायचं, वर चार चक्रं आणि खाली पुठ्ठा.

मग बटर गार्लिक प्रॉन्स, 695. पाटीच्या दगडावर मांडून आणले. पूर्वी शाळेत असायची ना, ती पाटी. सहा सुंगटं. माणसं चार. आता सहा भागिले चार हे गणित नातेवाइकांबरोबर बसल्यावर किती अवघड होतं ते ज्याच्यावर आलंय त्यालाच माहीत. एकेक सगळ्यांनी घेतलं आणि उरलेल्या दोनांकडे कोणी बघायलाच तयार नाही, भाऊजी तुम्ही घ्या, नाही नाही तू घे, वहिनी तुम्ही घ्या, असं करताकरता ती दोन्ही तिथेच गार झाली. एक सुंगट 116 रुपयांना पडलं हा हिशेब मी नंतर गाडीत केला. तेव्हाच केला असता तर गार होऊ दिलं नसतं.

आणि शेवटी फिश अँड चिप्स. 595. जाडजूड सोनेरी कवच, बाजूला लिंबाची फोड, वाटीभर टार्टर सॉस. चावलं तर कवच एका बाजूला सरकलं आणि आतून एक पांढरा मऊ लगदा बाहेर आला, त्याला ना वास, ना चव, ना काटा. भाऊ म्हणाला छान आहे, अजिबात वास येत नाही. अरे बाबा, तीच तर भीती आहे! मी वेटरला विचारलं मासा कुठला. त्याला कळलं नाही. पुन्हा ओरडलो. तो आत जाऊन विचारून आला आणि कानात म्हणाला, सर, बासा.

आता गोव्याबाहेरच्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही म्हणून जरा सांगतो. बासा हा गोड्या पाण्यातला मासा, मूळचा व्हिएतनामकडचा. मेकाँग नदीच्या काठी तळ्यांत वाढवतात, तुकडे करून गोठवतात आणि जगभर पाठवतात. आमच्या सांगटाच्या, म्हणजे शिंगाळ्याच्या, भाऊबंदांतलाच म्हणायचा, पण लांबचा. तो वाईट असं मी म्हणणार नाही, स्वस्त आहे, काटे काढलेला आहे, हॉटेलवाल्याला सोयीचा आहे. पण पबच्या मागच्या भिंतीपलीकडे अरबी समुद्र लाटा मारतोय, महिना फेब्रुवारी म्हणजे भर हंगाम, बंदीचाही काळ नाही. आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस यांत्रिकी मासेमारी बंद असते, तेव्हा कोणी फ्रीझरमधलं वाढलं तर आपण समजून घेतो, आम्हीही घरी तेव्हा खाऱ्या मासळीवर दिवस काढतो. पण फेब्रुवारीत? समुद्राला पाठ लावून बसायचं आणि मेकाँगचा मासा खायचा?

फ्राईजचंही तेच. पेरी पेरी म्हणे. लालभडक भुकटी पुडीतली, मीठच जास्त. अहो, मिरची या देशात आली ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून, आणि ती जहाजं लागायची गोव्याला. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो शब्दसुद्धा पोर्तुगीजांचा. पाव त्यांचाच. म्हणजे बटाटा आणि मिरची दोन्ही ज्या किनाऱ्यावर उतरले, जिथे बायकांनी त्या मिरचीत व्हिनेगर घालून वाटून रेशाद मसाला केला, काणकोणात खोल्याची मिरची अशी पिकवली की तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच किनाऱ्यावर मला चारेकशे वर्षांनी कुठल्यातरी कारखान्यातली पुडी बटाट्यावर शिंपडून 295 रुपयांना विकतात. बोटभर रेशाद फासून तोच बटाटा तळला असता तर मी उठून नाचलो असतो. नाचायची जागाही होती तिथे.

मला आधी वाटायचं हे दुखणं आपलंच. पण माझा एक वर्गमित्र पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला गेलाय. गोव्यात प्रत्येक वाड्यावरचं एक तरी माणूस स्विंडनला असतंच, त्यात विशेष काही नाही. त्याला फोनवर हे रडगाणं ऐकवलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, जिथे पब जन्माला आला तिथे तरी वेगळं काय आहे, इकडेही कितीतरी ठिकाणी पिशवी फाडतात, मायक्रोवेव्हमध्ये टाकतात, टिंग वाजलं की प्लेट बाहेर, आणि पैसे मोजताना रुपयांत हिशेब केला की घास घशात अडकतो. तिथे निदान मासा कॉड नाहीतर हॅडॉक असतो, म्हणजे त्यांच्या बाजूच्या समुद्रातला, एवढंच काय ते समाधान. लंडनला 1991 मध्ये ईगल नावाच्या पबने नीट स्वयंपाक करून वाढायला सुरुवात केली तर लोकांना त्याचं इतकं अप्रूप की गॅस्ट्रोपब असा वेगळा शब्दच काढावा लागला. पबमध्ये चांगलं जेवण मिळालं तर त्याला नवीन नाव द्यायची वेळ येते, यावरूनच काय ते समजा.

दुसरा एक ओळखीचा आहे, तो किनाऱ्यावरच्या किचनांत दहा-बारा हंगाम काम करून आता टॅक्सी चालवतो. त्याला विचारलं की बाबा रे असं का. तो म्हणाला, भाडं बघ, लायसन्स बघ, आचारी ऑक्टोबरात येतो आणि मेमध्ये गावी जातो, पुढच्या वर्षी तोच येईल याची खात्री नाही, मग रोज ताजी मासळी आणून साफ कोण करणार, त्यापेक्षा एक डीप फ्रीझर आणि एक फ्रायर असला की कोणीही पोरगा किचन चालवतो. शिवाय खारट दिलं की बिअर जास्त खपते, पैसा सगळा तिथेच. आणि मग सहज म्हणून गेला, तुझ्यासारखे दोन टक्के सोडले तर आलेलं गिऱ्हाईक परत कुठे येतंय?

हे मात्र डोक्यात बसलं. म्हापशाच्या बाजारात मी अधूनमधून जेवतो त्या खानावळीत हुमण जरा जरी पातळ झालं तरी मालक आपणहून सांगतो, आज नारळ बरा नव्हता हो. कारण उद्या दुपारी एक वाजता मी पुन्हा त्याच बाकड्यावर असणार हे त्याला माहीत असतं. पबवाल्याचा रात्री बारानंतर माझ्याशी संबंध संपला. तो ज्याच्यासाठी रांधतो तो मोपाच्या विमानतळावर उतरतो, तीन रात्री राहतो आणि जातो, आणि पुढच्या विमानातून दुसरा उतरतोच.

जुने तावेर्न, म्हणजे गावातले दारूचे गुत्ते, आठवून गळा काढायचा माझा विचार नाही. तिथे चोरीस-पाव झकास मिळायचा, तळलेल्या मुडदुशा मिळायच्या, पण माझ्या बायकोला तिथे नेऊन बसवायची माझी हिंमत झाली नसती आणि संडासाबद्दल तर बोलायलाच नको. पबमध्ये ती आणि भावाची बायको दोघी निवांत बसल्या, कोणी वळून बघितलं नाही, ही गोष्ट मला पटते आणि तिचे पैसे द्यायलाही मी तयार आहे. फक्त ते पैसे बिलात वेगळे लिहा ना, बसायचे इतके, अंधाराचे इतके, सुंगटांचे इतके.

बिल आलं. जेवणाचे 2,010, सहा पाइंट बिअर, जी बाहेरच्या वाइन शॉपमध्ये शंभराच्या आत मिळते ती इथे 260 ला एक, जीएसटी, आणि खाली बारीक अक्षरात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. आता हा चार्ज असा आपोआप लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच तसं सांगितलंय आणि 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं, हे सगळं मला पाठ आहे. मी तोंड उघडलंसुद्धा. पण त्या गोंगाटात प्राधिकरण हा शब्द वेटरच्या कानात दोनदा ओरडून बघा, मग कळेल. तेवढ्यात भावाने कार्ड टेकवून पैसे दिलेसुद्धा. दादा, पार्टी माझ्याकडून. चार हजाराच्या वर गेले पोराचे, आणि बाहेर पडल्यावर गाडीत बसताबसता म्हणतो, काहीतरी खाऊया का रे, भूक लागलीय.

म्हापशात एक रस ऑम्लेटचा गाडा अजून चालू होता. चौघं तिथे उभे राहून जेवलो, त्यावर जास्त लिहीत नाही, शाकुतीचा रस ओतलेलं ऑम्लेट ज्याने खाल्लंय त्याला सांगायला नको.

घरी आलो तर आई जागीच होती. आमच्या घरात वाचणं मराठी आणि बोलणं कोकणी, आणि आम्ही कुठेही जेवून आलो, लग्नाहून, बारशाहून, कुठूनही, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, नुस्तें कसलें आशिल्लें, म्हणजे मासा कसला होता? मी म्हटलं, बासा. ती थांबली. साठ वर्षं मासे विकत घेणारी बाई ती, नुसत्या कल्ल्यावरून मासा कालचा की आजचा ते सांगते. "बासा? तें कसलें नुस्तें?" मी व्हिएतनाम, मेकाँग वगैरे सांगायला लागलो, मग अर्ध्यावरच सोडून दिलं. किमतीचं तर काढलंच नाही.

सकाळी नेहमीची मासळीवाली दारात पाटी उतरून बसली. मी आतनं ऐकतोय. आईने आधी बांगडे दाबून बघितले, मग तारल्यांना नाव ठेवलं, मग अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "बासा आसा गो तुजेकडेन?"

"कसलो बासा, बाय?" ती म्हणाली. "बांगडे घे. आयजच आयल्यात."