तुम्ही विचारलंत म्हणून: स्कापा फ्लोला आम्हाला जमेल का?

मालवण, नेत्राणी किंवा अंदमानात डायव्हिंग शिकलेले बरेच जण विचारतात, 'स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतल्या स्कापा फ्लोमधली जर्मन जहाजं बघायला आम्हाला जमेल का?' जमेल. फक्त ड्रायसूट (अंग कोरडं ठेवणारा, आत हवा असलेला सूट) आधी उथळ पाण्यात अंगवळणी पडू द्या, मग तिकीट काढा.

पहिल्या महायुद्धानंतर इथे अडकवून ठेवलेल्या जर्मन आरमारानं २१ जून १९१९ला आपले ॲडमिरल फोन रॉयटर यांच्या हुकमावरून ५२ जहाजं स्वतःच बुडवली. बहुतेक पुढे उचलून भंगारात गेली. उरलेल्यांपैकी सुरुवात 'कोल्न' या क्रूझरनं करा. ती उजव्या कुशीवर पडली आहे. तळ ३६ मीटरवर, वरची बाजू त्याहून बरीच उथळ. मोठ्या युद्धनौका पालथ्या आणि आणखी खोल आहेत, त्यांची घाई नको.

पाणी भर उन्हाळ्यातही १२-१३ अंशांच्या आसपास असतं. खाली जाताना ड्रायसूटमधली हवा दबते. थोडी थोडी भरत राहिलं नाही तर सूट अंगाला चिमटे काढतो. वर येताना तीच हवा फुगते, म्हणून डाव्या दंडावरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून तो हात उंच धरायचा. डोकं खाली गेलं की हवा पायांत शिरते, व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही, आणि माणूस पाय वर अशा अवस्थेत सुसाट वर निघतो. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारली की हवा पुन्हा खांद्याकडे येते. ही कोलांटी घोटून घ्या, बाकीचं नंतर.

रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं यंत्र) थंड पाण्यासाठी बनवलेलाच हवा. सिलिंडरमधला दाब उतरताना हवा गार होते. फर्स्ट स्टेजमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या त्याच्या भागात, बर्फ धरला की हवा भसाभसा वाहू लागते आणि थांबत नाही. पाण्याबाहेर ओला रेग्युलेटर उगाच दाबून बघू नका. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजन असलेली हवा) ३२ टक्के ऑक्सिजनचा घेतलात तर ऑक्सिजनच्या दाबाच्या १.४ बार मर्यादेत ३३ मीटरच खोली मिळते, 'कोल्न'चा तळ राहतो. २८ टक्क्यांवर ४० मीटर मिळतात.

टॉर्च विसरू नका. हिरवट अंधारात करडा वाटणारा पत्रा उजेड पडताच पांढऱ्या-केशरी मऊ प्रवाळांनी भरलेला दिसतो. बोटांएवढ्या फुगीर फांद्या, त्यांवर आठ-आठ शुंडकांचे बारीक पॉलिप. शेजारी पिसाऱ्यासारखी समुद्रफुलं, फटींत खेकडे. उन्हाळ्याच्या शेवटाकडे हे प्रवाळ पॉलिप आत ओढून महिनोन्‌महिने निपचित राहतात. मेलेले समजू नका. फिन जपून मारा, गाळ उठला की काही दिसत नाही. जहाजांना कायद्याचं संरक्षण आहे, काहीही उचलायचं नाही. १९३९मध्ये इथेच बुडालेली ब्रिटिश युद्धनौका 'रॉयल ओक' ही ८००हून अधिक खलाशांची कबर आहे; तिथे हौशी डायव्हरना बंदी आहे.