वळणावरच का?

मामाची अँजिओग्राफी झाली तेव्हा मला रिपोर्टपेक्षा ती सीडी हवी होती. एलएडी, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी, जिथून फुटते त्याच्या जरा पुढे ब्लॉक. मामी म्हणाली, "तेल-तूप बंदच करून टाकलंय मी आता." करू दे, चांगलंच आहे. पण माझ्या पीएचडीचा प्रश्न तुपाशी संपत नाही. कोलेस्टेरॉल सगळ्या रक्तात सारखंच फिरतं, मग ब्लॉकेज फाट्यांवर आणि वळणांवरच का? मानेतली कॅरोटिड दुभंगते तिथं, कोरोनरीच्या फाट्यांवर, पोटातली महाधमनी संपते तिथं. सरळ भाग त्या मानाने बराच काळ शाबूत राहतो.

धमनीच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. सरळ नळीत रक्त त्याला एका दिशेनं घासत जातं. दर चौरस सेंटिमीटरला साधारण 10 ते 20 डाईन (डाईन हे बलाचं छोटं एकक). अशा घासण्यानं पेशी प्रवाहाच्या दिशेला लांबट होतात, केएलएफ-2 हे नियामक प्रथिन वाढवतात आणि धमनी सैलावणारा नायट्रिक ऑक्साइड वायू सोडतात. फाट्यावर बाहेरच्या भिंतीशी प्रवाह मंदावतो, मागेपुढे होतो, घासणं 4 डाईनच्याही खाली जातं. तिथल्या पेशी वाटोळ्याच राहतात. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, आत झिरपतं. पेशी व्हीकॅम-1 हे चिकट प्रथिन पृष्ठभागावर काढतात, त्याला रक्तातले मोनोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) चिकटतात, आत शिरून मॅक्रोफेज, म्हणजे गिळणाऱ्या पेशी, होतात आणि ऑक्सिडाइझ झालेलं एलडीएल गिळून गिळून फुगतात. या फोम सेल, ब्लॉकची सुरुवात. (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिननंही केएलएफ-2 वाढतं, निदान डिशमध्ये तरी. मामा रात्री घेतो ती गोळी नुसती कोलेस्टेरॉलची नाही.)

हे अस्तर म्हणजे नुसतं वेष्टन, असं बरीच वर्षं मानलं जायचं. 1980 साली रॉबर्ट फर्चगॉट या शास्त्रज्ञानं सशाच्या महाधमनीच्या तुकड्याची आतली बाजू घासून काढली, तर एरवी ॲसिटिलकोलिन या रसायनानं सैलावणारा तुकडा सैलावेचना. नायट्रिक ऑक्साइडचं 1998 चं नोबेल त्यातूनच आलं. मशिन नाही, किट नाही, अस्तर आहे आणि नाही एवढाच फरक. मला असले प्रयोग आवडतात.

माझ्या पेशी येतात बाळंतिणींच्या वॉर्डातून. नाळेत दोन धमन्या आणि एक मोठी शीर असते. शिरेत कॅन्युला घालायची, रक्त धुऊन काढायचं, पेशी सुट्या करणारं कोलॅजनेज हे एन्झाइम भरून 37 अंशांना दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, हलक्या हातानं चोळून जे बाहेर येईल ते फ्लास्कमध्ये. 1973 पासून रीत जवळपास हीच आहे. संमतीपत्रावर सही कळा सुरू व्हायच्या आधीच घ्यावी लागते, आणि सही सुनेची असली तरी प्रश्न सासूबाईंचे असतात. "नाळेचं काय करता गं तुम्ही? आमच्यात पुरतात." मी सांगितलं, आतल्या पेशी वाढवून हार्ट अटॅक कसा येतो ते बघतो. त्या म्हणाल्या, "मग घे. ह्यांचे वडील त्यानंच गेले. पण उरलेलं उकिरड्यावर टाकू नको."

आता माझी तक्रार. या पेशींवरचे कितीतरी प्रयोग साचलेल्या मीडियममध्ये, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, होतात. जिवंत माणसाच्या कुठल्या धमनीत रक्त असं थांबलेलं असतं? स्थिर डिशमध्ये टीएनएफ-अल्फा हा दाह वाढवणारा रेणू घातला की व्हीकॅम-1 उसळतं. त्याच पेशी आधी दिवसभर एकसंध प्रवाहात ठेवल्या तर तेवढं वाढत नाही. म्हणून जर्नल क्लबमध्ये कुणी पेपर मांडला की मी आधी विचारते, प्रवाह होता का? ज्युनिअर्स आता हसायला लागलेत.

प्रोग्रेस सेमिनारमध्ये मलाही उलटा प्रश्न आला: आजार धमनीचा, पेशी शिरेच्या, त्याही नवजात बाळाच्या, कसं चालेल? रास्त आहे. कोरोनरीच्या पेशी विकत मिळतात, पण व्हायल महाग आणि थोड्याच पॅसेजनंतर, म्हणजे नव्या फ्लास्कमध्ये काही वेळा हलवल्यावर, त्या थकतात. गाईडचं म्हणणं, आधी नाळेच्या पेशींत नक्की काय दिसतं ते पक्कं कर, मग एक व्हायल मागवू. पटतंय मला.

प्रवाहासाठी मी पंपानं ट्यूबिंगमधून मीडियम स्लाइडवरच्या पेशींवरून वाहवते, आणि सध्या खरा शत्रू बुडबुडा आहे. ट्यूबिंगमध्ये एक शिरला की स्लाइडवरच्या पेशी खरवडून नेतो. गार मीडियम तापलं की त्यातली हवा सुटते, म्हणून मीडियम आणि ट्यूबिंग दोन्ही आदल्या रात्रीच इनक्युबेटरमध्ये ठेवायचं. नव्यानं पंप लावणाऱ्यांनी एवढं तरी कराच.